जुन्या मोटारींतील खर्ज

पंधरा-वीस वर्षें सेवा केलेली मोटार घरांतून सहसा जात नाहीं. तिच्यांतून मुलें शाळेंत गेलेलीं असतात, आजोळच्या सुट्ट्या झालेल्या असतात, एखादी नवी सून माप ओलांडायला त्याच गाडींतून आलेली असते. इंजिन ठीक चालतें, रंग थोडा उडालेला असतो, आणि विकायला काढली तर हातीं येणारी रक्कम इतकी किरकोळ असते कीं ठेवणेंच बरें वाटतें. अशा गाडींत बसून प्रवासाला निघालें म्हणजे एक उणीव मात्र सर्वांना जाणवते. शहरांत गाडी हळू चालते तोंवर गाणें ऐकूं येतें. हमरस्ता लागून वेग वाढला कीं त्या गाण्याचा पायाच नाहींसा होतो. डग्गा जातो, तंबोरा जातो, उरतो तो एक चिरका, पत्र्यासारखा आवाज. घरांतला तरुण म्हणतो, "मागें मोठा वूफर टाकूं या." आजी म्हणतात, "अरे, मला नुसते शब्द ऐकूं येऊं देत, म्हणजे झालें." ह्या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोन्ही बहुतांशीं एकाच दुरुस्तीनें पुऱ्या होतात, आणि ती दुरुस्ती मोठ्या वूफरची नव्हे.

स्पीकर हें यंत्र मुळांत फार साधें आहे. एक चुंबक, त्याच्या फटींत तारेचें वेटोळें, आणि त्या वेटोळ्याला चिकटविलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पातळ शंकु. वेटोळ्यांतून गाण्याच्या लयीनें वीज वाहूं लागली कीं तें पुढें-मागें सरकतें, आणि शंकु आपल्याबरोबर हवेला ढकलतो. १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्यांनीं ह्या रचनेचें शास्त्र मांडलें. पांचच वर्षांनीं, १९३० मध्यें, शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन ह्यांच्या कारखान्यानें मोटारीसाठीं रेडिओ काढला व त्याला 'मोटोरोला' हें नांव दिलें, आणि चालत्या गाडींत संगीत ऐकण्याची हौस घरोघर पोंचूं लागली. त्यानंतर कॅसेटी आल्या आणि गेल्या, तबकड्या आल्या आणि त्याही बहुतेक गेल्या. परंतु शंकूची मूळ खोड आहे तशीच आहे.

ती खोड अशी. शंकु पुढें सरकतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणीं पाठीमागची हवा विरळ होते. उंच स्वरांच्या लाटा आंखूड असल्यामुळें त्या सरळ पुढें निघून जातात. खर्जाची गोष्ट निराळी. हवेंतून ध्वनि सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तेव्हां सेकंदाला ५० कंपनें होणाऱ्या स्वराची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. वीतभर शंकूच्या कडेला वळसा घालणें म्हणजे तिला कांहींच नव्हे. पुढची दाबलेली हवा कडेनें मागें सरकते, मागचा विरळपणा भरून काढते, आणि जमाखर्च सारखा होऊन शिल्लक शून्य राहते. पाण्यानें भरलेल्या बादलींत एक ताटली उभी धरून सावकाश पुढें-मागें हलवावी; पाणी ताटलीच्या कडेनें मागें जातें, लाट अशी उठतच नाहीं. ह्याच कारणास्तव घरांतल्या स्पीकरला लांकडी पेटी असते. ती पेटी शोभेसाठीं नसून पुढची हवा आणि मागची हवा ह्यांची गांठ पडूं नये म्हणून असते.

मोटारींत ही पेटी कोठें आहे? उत्तर असें कीं दार हीच पेटी, आणि पेटी म्हणून दारासारखी भिकार वस्तु शोधून सांपडणार नाहीं. दार बनविणाऱ्यानें तें काच आणि कुलूप ह्यांच्यासाठीं बनविलेलें असतें. आंतल्या बाजूच्या पत्र्याला मोठमोठीं भोंकें असतात, आणि त्यांच्यावर पाण्याचे शिंतोडे आंत येऊं नयेत म्हणून प्लॅस्टिकचा एक पातळ कागद चिकटविलेला असतो. पंधरा वर्षांत काच वर-खालीं करण्याचें यंत्र एकदां तरी बिघडतें. दुरुस्तीच्या वेळीं कारागीर तो कागद टरकावतो, आणि परत लावायचें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. मग स्पीकरच्या पुढची हवा व मागची हवा त्या भोंकांतून सुखेनैव एकमेकींना भेटतात. त्यांतच दाराचा पातळ पत्रा स्वतःच्या सुरांत थरथरत असतो, कुलुपाची सळई खडखडते, आंतलें अस्तर ढिलें झालेलें असतें. अशा दारांत पंचवीस हजारांचा स्पीकर बसविला तरी खर्ज येणार नाहीं. आणि दार नीट केलें तर अडीच हजारांचा स्पीकर असा बोलूं लागतो कीं गाडी बदलली कीं काय असें वाटावें. दुकानांत मात्र ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. स्पीकर विकण्यांत नफा आहे, दार बंद करण्यांत केवळ मेहनत आहे.

ती मेहनत एका रविवारची आहे. दाराचें अस्तर काढून आंतला पत्रा स्पिरिटनें स्वच्छ पुसावा, आणि स्पीकरच्या बरोबर मागें येणाऱ्या बाहेरच्या पत्र्यावर आंतून ब्युटिल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली जाड पट्टी चिकटवून लांकडी रुळानें दाबावी. सबंध दार मढविण्याची गरज नसते. पत्र्याचा पाव भाग झांकला तरी त्याचा खणखणाट बसतो, आणि टिचकी मारून पाहिली तर ढब्ब असा मेलेला आवाज येतो. स्वस्त म्हणून छपरावर लावण्याची डांबरी पट्टी कित्येक जण आणतात. ती उन्हाळ्यांत मऊ होऊन घसरते आणि गाडींत महिनोन्महिने डांबराचा वास दरवळतो. त्यानंतर आंतल्या पत्र्याचीं मोठीं भोंकें ॲल्युमिनियमचे किंवा टणक प्लॅस्टिकचे तुकडे कापून बंद करावीं, मात्र काचेचें यंत्र पुन्हा दुरुस्त करावें लागेल हें ध्यानांत ठेवून ते तुकडे स्क्रूनें बसवावे. आणि एक गोष्ट कधींही करूं नये. दाराच्या अगदीं तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं लहान छिद्रें ठेवलेलीं असतात. तीं उत्साहाच्या भरांत बुजविलीं, तर कोंकणांतल्या किंवा मुंबईच्या एका पावसाळ्यांत दार तळापासून कुजूं लागतें.

स्पीकर आणि पत्रा ह्यांच्या मध्यें जें कडें बसवावें लागतें त्यालाही हाच नियम. लांकडाच्या भुश्श्याचें दाबून केलेलें कडें दमट हवेंत पाणी पिऊन फुगतें. प्लॅस्टिकचें किंवा चांगलें रंगविलेलें जलरोधक प्लायवुडचें कडें घ्यावें. कडेनें हवा जाऊं नये म्हणून फोमची पट्टी लावावी. स्पीकर घेतांना शंकूच्या कडेची झालर रबराची आहे कीं फोमची हें बोटानें दाबून पाहावें. फोम दमटपणानें कांहीं वर्षांत पीठ होतो. दुकानांत जाण्यापूर्वीं काच पूर्ण खालीं करून पत्र्यापासून काचेपर्यंतचें अंतर मोजून ठेवावें. चुंबक त्या अंतरापेक्षां जाड निघाला, तर पहिल्याच टोल-नाक्यावर त्याची आणि काचेची गांठ पडते.

आतां खोक्यावर छापलेल्या आंकड्यांविषयीं. साध्या रेडिओ-संचाच्या खोक्यावर 'पन्नास वॅट, चार वेळां' असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. चालत्या गाडींत विजेचा दाब फार तर १४.४ व्होल्ट, आणि स्पीकरचा विरोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग करून त्याला चारांनीं भागलें कीं सुमारे ५२ येतात. पन्नास वॅटांचा जन्म तेथें आहे. परंतु हा हिशेब लाटेचे वरचे व खालचे माथे सपाट कापून टाकले तरच जमतो. म्हणजे त्या वेळीं ऐकूं येतें तें गाणें नसून खरखराट असतो. शुद्ध स्वराला त्याच दाबांत सिद्धान्तानेंदेखील २६ वॅटांवर जातां येत नाहीं, आणि प्रत्यक्षांत पंधरा ते वीस मिळतात. तेवढे वाईट नाहींत. मात्र ते वाया जाऊं नयेत म्हणून स्पीकर निवडतांना त्याची वॅट पचविण्याची ताकद न पाहतां त्याची संवेदनशीलता पाहावी. ती डेसिबेलांत दिलेली असते. ८८ च्या ऐवजीं ९२ डेसिबेलांचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला शक्ति अडीचपटीनें कमी लागते. जुन्या गाडींतला जुना संच कायम ठेवायचा असेल तर ही एक ओळ इतर सर्व जाहिरातीहून अधिक मोलाची आहे.

तारा जोडतांना होणारी चूक इतकी सामान्य आहे कीं तिचा उल्लेख करणें भाग आहे. एका दाराच्या स्पीकरला धन व ऋण तारा उलट लागल्या, तर एक शंकु पुढें येत असतांना दुसरा मागें जातो, आणि सारा खर्ज पुन्हा जमाखर्चांत नाहींसा होतो. कित्येक गाड्या वर्षानुवर्षें अशाच फिरत असतात आणि मालक दोष स्पीकरला देतो. भिंतीवरच्या घड्याळांतला दीड व्होल्टचा सेल घ्यावा व त्याचीं दोन टोकें संचाकडून सोडविलेल्या तारांना क्षणभर टेकवावीं. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन तारेला लागली असतां शंकु बाहेर उसळला पाहिजे. दोन्ही दारांचे शंकु सारखेच उसळले कीं शंका मिटली.

आजींच्या शब्दांकडे वळावयाचें तर त्यांची अडचण खर्जाची नव्हेच. बोलणें समजतें तें व्यंजनांवरून, आणि व्यंजनें उंच कंपनांत राहतात. टेलिफोनवरून सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांपुरतेंच ध्वनि धाडले तरी संभाषण स्पष्ट कळत आलें आहे. दारांतला स्पीकर पायाशीं असतो. त्याचे उंच स्वर गुडघ्यांना, पर्सला, लुगड्याच्या घोळाला अडतात. म्हणून उंच स्वरांचा लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो वेगळा मिळतो असा जोड घ्यावा आणि ट्वीटर बाहेरच्या आरशाजवळच्या कोपऱ्यांत, कानाच्या पातळीला येईल असा बसवावा. इतक्यानें शब्द समोरच्या कांचेवर लिहिल्यासारखे उभे राहतात, आणि आवाज वाढविण्याची गरज उरत नाहीं.

आपल्याकडे मात्र हौसेचा पहिला रुपया नेहमीं मागच्या काचेखालच्या फळीवर खर्च झालेला आहे. सहा बाय नऊ इंचांचे अंडाकृति स्पीकर तेथें बसविणें ही एका काळीं प्रतिष्ठेची गोष्ट होती. ज्या गाडीला मागें वेगळी डिकी आहे, तिच्यांत ह्याला कांहीं अर्थ तरी आहे, कारण डिकी ही आयतीच पेटी होते. परंतु मारुति ८०० सारख्या, डिकी व बैठक एकाच खोलींत असलेल्या गाडींत ती फळी म्हणजे नुसता पुठ्ठा; तिच्या वरची व खालची हवा एकच. तेथें बादली आणि ताटलीचाच खेळ चालतो. शिवाय दोन जड चुंबक ढिल्या फळीवर, आणि मागच्या बाकावर बसलेल्या मुलांचीं डोकीं त्यांच्या अगदीं पुढें. जोराचा ब्रेक लागला तर काय होईल हें वेगळें सांगावयास नको. असे स्पीकर असतील तर ते काढून टाकणें हीच पहिली सुधारणा समजावी.

एवढें झाल्यावर खर्जाची उरलेली भूक किती आहे हें पाहावें. ती अनेकदां वाटते तेवढी नसते, आणि ह्याला कारण मनुष्याचा कान आहे. पुरुष गायक काळी एकच्या पट्टींत गात असेल तर त्याचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. चार इंची स्पीकरला ६९ कंपनें नीट उमटवितां येत नाहींत. तरीही ती तार ऐकूं येते! तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे सहस्वर निघतात ते कानांत शिरतात, आणि त्यांच्यावरून हरवलेला मूळ स्वर मेंदू आपण होऊन भरून काढतो. मात्र हे सहस्वर स्वच्छ आले पाहिजेत, आणि रस्त्याचा घरघराट नेमका त्यांच्यावरच पांघरूण घालतो. त्यामुळें जुन्या गाडीच्या दारांचें वाळून कडक झालेलें रबर बदलणें, दाराची कडी नीट आवळून घेणें, झिजून खडबडीत झालेले टायर काढणें, हीं कामें गॅरेजमध्यें ध्वनीचीं म्हणून कोणी करीत नाहीं, पण त्यांचा परिणाम ध्वनीवरच होतो.

छातींत जाणवणारा अगदीं खालचा स्वर हवा असेल तर वूफर आला. १९३३ सालीं बेल प्रयोगशाळेंत फ्लेचर व मन्सन ह्या संशोधकांनीं दाखविलें कीं कान खालच्या स्वरांना फार मंद आहे. मधल्या स्वराइतकाच मोठा वाटावा म्हणून खर्जाला कितीतरी अधिक दाब द्यावा लागतो. घरांत हें खर्चाचें काम आहे. मोटारींत निसर्ग थोडी मदत करतो. गाडीच्या आंतली लांबी अडीच मीटरांच्या आसपास, तेव्हां ज्यांची अर्धी लाट ह्याहून लांब, म्हणजे सेकंदाला साधारण ७० कंपनांखालचे जे स्वर, त्यांना लाट म्हणून पसरायला जागाच नसते. ते सबंध गाडींतल्या हवेचा दाब पंपासारखा वर-खालीं करतात, आणि स्वर जितका खालचा तितकी ही मदत अधिक. म्हणून दिवाणखान्यांत केविलवाणा वाटेल असा आठ इंची वूफर काचा लावलेल्या मोटारींत भरदार वाटतो. बंद पेटीचा वूफर ज्या प्रमाणांत खालीं जातांना क्षीण होतो, जवळजवळ त्याच प्रमाणांत गाडी त्याला उचलून धरते. हवेला भोंक ठेवलेली पेटी अधिक गरजते खरी, पण तिचा घुमारा एकाच सुराला धरून बसतो, आणि जुन्या गाडींतला प्रत्येक ढिला तुकडा त्या सुराला साथ देतो.

बैठकीखालीं सरकणारा, ॲम्प्लिफायर पोटांतच असलेला चपटा वूफर कुटुंबाच्या गाडीला पुरेसा होतो. डिकी मोकळी राहते, आणि गणपतीला गांवीं निघतांना सामानाचा प्रश्न उभा राहत नाहीं. ८० कंपनांखालचे स्वर त्याच्याकडे द्यावे, व तेवढेच स्वर दारांच्या स्पीकरकडून काढून घ्यावे. नव्या संचांत ही सोय असते, जुन्यांत प्रत्येक दाराच्या तारेवर सुमारे ५०० मायक्रोफॅरडचा, धन-ऋण भेद नसलेला कपॅसिटर बसविला तरी बरेंच साधतें. मग दारांचे शंकु न झेपणाऱ्या धक्क्यांतून सुटतात व मधले स्वर स्वच्छ होतात. वूफरची पातळी ठरवितांना तो ऐकूं येईपर्यंत वाढवावा, आणि 'वूफर वाजतो आहे' असें जाणवेनासें होईपर्यंत पुन्हा उतरवावा. ह्या बिंदूवर तरुण मंडळी जरा नाराज होतात. त्यांनीं वूफर एकदां बंद करून पाहावा. काय गेलें तें लगेच कळतें.

विजेचा भाग थोडक्यांत सांगण्यासारखा असला तरी हलका समजण्यासारखा नाहीं, कारण येथें चूक झाली तर गाडी पेटते. १०० वॅटांचा चांगला ॲम्प्लिफायर भर आवाजांत ९ अँपियरच्या आसपास वीज ओढतो. दोन हेडलाइटांना लागते जवळजवळ तेवढीच. जुन्या पद्धतीचा, कमी कार्यक्षम असा २०० वॅटांचा असेल तर २४ अँपियर. पावसाळी रात्रीं वायपर, दिवे आणि पंखा एकदम चालू असतांना जुन्या गाडीची वीज आधींच ताणलेली असते, तेव्हां बैठकीखालच्या लहान वूफरवर समाधान मानण्याचें हेंही एक कारण. त्याची तार सरळ बॅटरीपासून आणावी, आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आंत फ्यूज बसवावा. हा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचविण्यासाठीं नसतो. पत्र्याच्या धारदार कडेवर घांसून तारेचें आवरण गेलें आणि ती गाडीच्या अंगाला टेकली, तर तांबडी होण्यापूर्वीं ती तुटावी म्हणून तो असतो. तो वूफरजवळ बसविला तर मधली सगळी तार उघडी राहते. जेथून तार पत्र्यांतून आंत येते तेथें रबराचें कडें असलेंच पाहिजे. तार खरेंच तांब्याची आहे ना हें टोंक खरवडून पाहावें. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाजारांत फार आहे, आणि त्याच जाडींत ती वीज पुष्कळच कमी वाहते.

मग आवाज किती ठेवावा? कामगारांच्या आरोग्यासाठीं अमेरिकेंत जें प्रमाण सुचविलेलें आहे त्याप्रमाणें ८५ डेसिबेल आठ तास, आणि पुढें दर तीन डेसिबेलांना वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. जुन्या गाडींत हमरस्त्यावर नुसता रस्त्याचाच आवाज ७० च्या आसपास असतो, आणि गाणें त्याच्या वर चढविण्याच्या नादांत नव्वदी सहज गांठली जाते. ह्या हिशेबानें मुंबईहून निघालेल्या कुटुंबाचा दिवसभराचा वांटा पुण्याच्या अलीकडेच संपतो. मोठ्यांना हें कळतें आणि ते बटण फिरवूं शकतात. मागें बसलेलें सहा वर्षांचें मूल फिरवूं शकत नाहीं. दार बंद करणें, रबर बदलणें, ट्वीटर कानाजवळ आणणें ह्या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई अशी कीं तेंच गाणें पूर्वींपेक्षां खालच्या आवाजांत पुरतें, आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही वेळेवर ऐकूं येतो.

काम करतांना मूळ पत्रा किंवा अस्तर कापूं नये, आणि गाडीच्या मूळ तारा न तोडतां मधें जोडाचें प्लग घालावे. काढलेले जुने स्पीकर, स्क्रू व टोपणें एका डब्यांत घालून त्याच्यावर गाडीचा नंबर लिहून माळ्यावर ठेवावीं. गाडी विकायची वेळ आलीच तर नवे स्पीकर काढून घेऊन अर्ध्या दिवसांत ते पूर्ववत् बसवितां येतात. ब्युटिलची पट्टी मात्र दारांतच राहूं द्यावी. ती निघत नाहीं, आणि पुढच्या मालकाला दार लावतांना येणारा तो भारदस्त आवाज आवडेल.